एकच शेठ, दोन भागीदार: सांगलीतल्या एका स्टार्टअपमधलं छळाचं प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातलं आहे. दोघींच्या परवानगीने लिहितेय. नावं बदललीत, महिने थोडे ढिले ठेवलेत आणि धंद्याचे दोन-चार तपशील मुद्दाम फिरवलेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या 2013 च्या कायद्यात कलम 16 आहे, त्याप्रमाणे तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार आहे तो माणूस, साक्षीदार यांतलं कुणीच ओळखू येईल असं छापता येत नाही, पण ओळख न सांगता न्याय कसा मिळाला हे सांगायला मुभा आहे. त्या मुभेत बसेल तेवढंच इथे आहे. मी या दोघींच्या फर्मचं जीएसटी आणि बाकीचं कागदपत्र बघते, त्यामुळे बरंचसं माझ्या टेबलावरूनच गेलंय.

पार्श्वभूमी

एकीला रेवा म्हणू, दुसरीला मुक्ता. रेवा मिरज तालुक्यातली, बौद्ध घरातली, वडील एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात चार वर्षं नोकरी केली, मग परत आली. मुक्ता तासगाव बाजूची, मराठा, माहेरी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड, नवरा नोकरदार. दोघींची ओळख कॉलेजातली.

धंदा असा की बेदाण्याच्या शेडमध्ये लावायचा एक डबा त्यांनी बनवला. द्राक्षं डिपिंग करून (म्हणजे द्रावणात बुडवून) जाळीच्या रॅकवर टाकली की पुढचे पंधरा-वीस दिवस शेतकऱ्याचा जीव टांगणीला, कारण त्या काळात अवकाळी आली किंवा हवेत दमटपणा वाढला की माल काळा पडतो आणि सौद्यात दर कोसळतो. हा डबा तापमान आणि आर्द्रता मोजतो आणि वेळेत फोनवर कळवतो की पडदे सोडा. डबा, सर्किट, सॉफ्टवेअर सगळं रेवाचं. शेडवाल्यांशी बोलणं, विक्री, वसुली मुक्ताकडे. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी फर्म) काढली, दोघींचा हिस्सा निम्मा निम्मा, कुपवाडला भाड्याचा गाळा, कामाला सहा जण. हा सहाचा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

पैसे लागत होते. मुक्ताच्या माहेरच्या ओळखीतून एक शेठ आले. कोल्ड स्टोरेज, बेदाण्याची अडत, नवउद्योजकांना मार्गदर्शन करणाऱ्या एका मंडळात मानाची खुर्ची. पंधरा लाख देतो म्हणाले: पाच आता कर्जाऊ, दहा सीझनच्या तोंडावर, आणि दुसरा हप्ता आला की सगळ्याचं मिळून पंधरा टक्के भागीदारीत रूपांतर. 2024 च्या गणपतीनंतर स्टॅम्प पेपरवर करार झाला, पाच लाख आले. करारात एक ओळ अशी होती की दुसरा हप्ता होईपर्यंत पहिले पाच लाख मागितल्यापासून तीस दिवसांत परत करायचे. तेव्हा त्या ओळीकडे कुणी फार बघितलं नाही, शेठ घरचेच वाटत होते.

काय घडलं

शेठ मुक्ताला पहिल्यापासून वहिनी म्हणायचे. "वहिनी, साहेबांना घेऊन या की एकदा जेवायला, आमच्या हिनं बोलावलंय." फोन करायचा तर दिवसा, आणि नवऱ्याची चौकशी करूनच. रेवाला आधी मॅडम म्हणायचे, महिन्याभरात तू वर आले आणि फोन रात्री साडेदहानंतर यायला लागले. सुरुवातीला काम काढून: डब्याची बॅटरी किती चालती, सिम कुठलं घालायचं. मग काम संपून. "पुण्यात चार वर्षं एकटी राहिलीस म्हणजे तुला काय नवीन न्हाई." "तुमच्यात बायकांना मोकळीक असती, आमच्यासारखं नसतंय." हे दुसरं वाक्य मेसेजमध्ये लिहून आलेलं आहे, मी वाचलंय.

शेडवाल्यांसमोर ओळख करून देताना मुक्ता "मालकीण" आणि रेवा "आमच्या वहिनींची टेक्निशियन". डबा जिने बनवला तिची ओळख ही. एकदा एका मोठ्या बागायतदारासमोर हसत हसत म्हणाले, "कोट्यातली आहे, पण हुशार आहे बरं का."

एक गोष्ट रेवाने मला सांगितली ती खूप साधी आहे पण सगळं प्रकरण तिच्यात आहे असं मला वाटतं. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात चहा कपबशीत यायचा. मुक्ताला कपबशी, शेठला कपबशी, आलेल्या ड्रायव्हरलासुद्धा काचेचा ग्लास. रेवापुढे कागदी कप. पहिल्यांदा वाटलं कप कमी पडले असतील. दर वेळी तेच झालं तेव्हा कळलं. आणि हाच माणूस मालाची खोली दाखवायच्या निमित्ताने पाठीवर हात ठेवायचा आणि काढायचा नाही. कपाला विटाळ होतो, हाताला होत नाही!

डिसेंबरच्या शेवटी दुसऱ्या हप्त्याचं बोलायला शेठनी तिला संध्याकाळी ऑफिसात बोलावलं. मुक्ता तासगावला होती. पोरं घरी गेलेली, शेठनी दार लोटलं, कमरेला हात घातला, आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती हात झटकून बाहेर आली, खाली बेदाणा निवडणाऱ्या बायकांची सुट्टी होत होती, त्यांच्यात मिसळून गेटपर्यंत गेली. त्यातली एक वयस्कर बाई चालता चालता एवढंच म्हणाली, "बाय, त्या खोलीत एकटी जात नसत्यात." म्हणजे खाली माहीत होतं. पुष्कळ आधीपासून.

रात्री मेसेज आला: "दहा लाखाचं बोलायचं असंल तर एकटी ये, आणि डोकं शांत ठेवून ये." थोड्या वेळाने शेठनी तो डिलीट केला, पण तोवर रेवाने स्क्रीनशॉट घेतला होता.

पहिला निर्णय: मुक्ताला सांगायचं का

रेवा जवळपास तीन आठवडे गप्प होती. ओळख मुक्ताच्या माहेरची, सीझन तोंडावर, गाळ्याचं भाडं थकलेलं. शिवाय मुक्ता विश्वास ठेवेल का, हा खरा प्रश्न होता.

सांगितलं तेव्हा मुक्ताचं पहिलं वाक्य होतं, "अगं ते तसले नाहीत, माझ्याशी तर कधी मान वर करून बोलले नाहीत." मुक्ता खोटं बोलत नव्हती. तिच्याशी शेठ खरंच तसेच वागत होते, कारण मुक्ताच्या मागे नवरा, माहेर, भावकी, तालुक्यातली सोयरीक एवढं सगळं उभं होतं आणि तिला हात लावणं म्हणजे त्या सगळ्याला हात लावणं. रेवाच्या मागे काय आहे याचा हिशोब शेठनी आधीच मांडला होता. बाई म्हणून दोघी सारख्याच, पण कुणाला वहिनी म्हणायचं आणि कुणाला रात्री फोन करायचा हे ठरलं जातीवरून. याचा उलटा अर्थ कुणी काढू नये, मुक्तासारख्या बायकांचा छळ होतच नाही असं अजिबात नाही, त्यांच्यावर वेगळी बंधनं असतात आणि घरची अब्रू म्हणून त्यांचं तोंड वेगळ्या पद्धतीने दाबलं जातं. पण या शेठच्या बाबतीत फरक हा होता.

मुक्ताचं मत बदललं ते मेसेज वाचून नाही, कागदी कपावरून. रेवा म्हणाली, "तू माझ्या शेजारी बसून चहा पीत होतीस, एकदा तरी दिसलं का तुला?" मुक्ताला खरंच दिसलं नव्हतं. त्यानंतर ती ठाम राहिली, आणि पुढचं जे काही निभावलं त्यात हा भाग मोठा आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही

अमेरिकेत हाच गुंता वंशाच्या अंगाने दिसतो. 2017 मध्ये सिलिकॉन व्हॅलीतल्या एका गुंतवणूक फर्मच्या भागीदारावर सहा बायकांनी छळाचे आरोप केले. त्यातल्या ज्या तिघी नावानिशी पुढे आल्या त्या तिघीही आशियाई वंशाच्या, स्वतःचा स्टार्टअप असलेल्या किंवा उभा करणाऱ्या. तेव्हा अडचण अशी निघाली की गुंतवणूकदार हा काही फाउंडरचा बॉस नसतो, मग नोकरीतल्या छळाचा कायदा नेमका लागतो कुठे. कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून धंद्याच्या संबंधांतल्या छळात गुंतवणूकदार हा शब्दच घातला.

त्याही आधीचं एक प्रकरण या सगळ्याच्या मुळाशी जातं. जनरल मोटर्सविरुद्ध पाच काळ्या बायकांनी दावा केला की कंपनी आम्हाला डावलते, त्याचा निकाल 1976 मध्ये लागला. कोर्टाने काय म्हणावं? कंपनीत बायका आहेत, म्हणजे बायकांवर अन्याय नाही, आणि काळ्यांचा मुद्दा वेगळा मांडा, दोन्ही एकत्र करून नवीनच वर्ग तयार करता येणार नाही. प्रत्यक्षात बायका होत्या त्या ऑफिसातल्या गोऱ्या बायका, आणि काळे होते ते कारखान्यातले पुरुष. काळी बाई दोन्हीकडून सांडली. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने 1989 मध्ये याच निकालावरून इंटरसेक्शनॅलिटी हा विचार मांडला, म्हणजे वंश आणि बाईपण एकत्र येतं तेव्हा होणारा अन्याय सुटा सुटा बघून कळत नाही. आपल्या सुप्रीम कोर्टानेही 2021 च्या पटन जमाल वली प्रकरणात, अनुसूचित जातीतल्या एका अंध मुलीवरच्या बलात्काराचा निकाल देताना, हा विचार सविस्तर घेतलाय.

रेवाच्या केसमध्ये हे सांडणं कसं झालं ते पुढे येईलच.

कुठले पर्याय होते

पहिला, गप्प बसून पाच लाख परत करायचे आणि मोकळं व्हायचं. नातेवाइकांपैकी निम्मे लोक याच मताचे होते. अडचण ही की पाच लाख नव्हतेच, डब्यांच्या सुट्या भागात गेलेले. आणि शेठच्या शब्दावर चालणाऱ्या शेडवाल्यांकडे बिलं अडकलेली.

दुसरा, 2013 च्या कायद्याखाली तक्रार. इथे दोन गैरसमज सगळ्यांनी सांगितले. एक, "तू काय त्याची नोकर नाहीस, तुला हा कायदा लागत नाही." लागतो. पीडित बाईच्या व्याख्येत नोकरीत असो किंवा नसो असं स्पष्ट आहे, दुसऱ्याच्या कामाच्या ठिकाणी कामासाठी गेलेल्या बाईलाही संरक्षण आहे, आणि घडलं ते शेठच्या ऑफिसात. दोन, "तुमच्याकडे सहाच माणसं, समिती कुठंय?" दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते हे खरं, पण जिथे दहापेक्षा कमी आहेत किंवा तक्रार खुद्द मालकावर आहे तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. शेठ मालकच, म्हणजे सरळ स्थानिक समिती. मुदत मात्र तीन महिने, शेवटच्या प्रकारापासून मोजायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवता येते. रेवाचे तीन आठवडे गप्प बसण्यात गेलेच होते.

या पर्यायाची कमजोर बाजूही आधीच दिसत होती. नोकरदार दोषी निघाला तर समिती त्याच्या पगारातून भरपाई कापायला सांगू शकते, बढती रोखायला सांगू शकते. मालकाची बढती कोण रोखणार? चौकशी चालू असताना दिलासा म्हणून बदली किंवा रजा मिळते, पण फाउंडरला रजा देऊन काय उपयोग, तिचा सीझन चालू आहे.

तिसरा पर्याय पोलिसांचा. भारतीय न्याय संहितेतलं कलम 75 लैंगिक छळासाठी, 78 पाठलागासाठी, आणि रेवा अनुसूचित जातीतली असल्यामुळे ऍट्रॉसिटी कायदा. यावर घरात दोन तट पडले. वकील म्हणाले, "जातीचा विषय काढू नका, केस बिघडती, लोक म्हणतात पैशासाठी ऍट्रॉसिटी घातली." मिरजेतले चळवळीतले कार्यकर्ते म्हणाले, "पहिली ऍट्रॉसिटीच, बाकी सगळं मागनं."

इथे एक तांत्रिक मुद्दा आहे जो मला वाटतं फार कमी लोकांना माहीत असतो. सर्वसाधारण समज असा की चारचौघांत जातीवरून शिवी दिली तरच ऍट्रॉसिटी. अपमान आणि शिवीगाळीच्या पोटकलमांना ती सार्वजनिक दृष्टीची अट आहे खरी, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने चार भिंतींच्या आतलं, बाहेरचं कुणी हजर नसतानाचं बोलणं त्यात बसत नाही असं म्हटलंय. पण 2015 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 3(1)(डब्ल्यू) वेगळं आहे. अनुसूचित जाती-जमातीची बाई आहे हे माहीत असताना तिच्या संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणं, किंवा तसं बोलणं, तसे हावभाव करणं हाच गुन्हा, सहा महिने ते पाच वर्षं. दार लोटलेलं होतं म्हणून सुटका नाही. वकिलांनाही हे कलम दाखवावं लागलं.

चौथा पर्याय, किंवा खरं तर बाकीच्या तिन्हींची अट, म्हणजे पैशाची दोरी आधी कापायची.

काय केलं

दोघींनी क्रम ठरवला: आधी पुरावा, मग पैसे, मग तक्रार. हा क्रम बरोबर होता असं मला अजूनही वाटतं, जरी त्यात महिना गेला.

पुराव्यासाठी रेवाने फोन बदलला नाही, रिसेट केला नाही, चॅट एक्स्पोर्ट करून दोन ठिकाणी ठेवलं, कॉल लॉग काढला. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडायचं तर मूळ फोन जपलेला बरा. घडलेल्या प्रत्येक प्रकाराची तारीख, ठिकाण, शब्द शेठच्याच तोंडचे असं एका वहीत लिहून काढलं. कागदी कप पण लिहिला.

पैशाचं असं झालं की शेठनीच घाई केली. जानेवारीच्या शेवटी करारातली ती ओळ पुढे करून पाच लाखांची मागणी आली, तीस दिवस. त्याच आठवड्यात चार शेडवाल्यांनी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून डबे परत केले. सरकारी योजना शोधायला गेलो तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान नवीन युनिटला, स्टँडअप इंडियाचं कर्जही नवीनच उद्योगाला, आणि यांचं युनिट चालू असलेलं. मुद्रा कर्जाची फाइल टाकली, 'तरुण' नावाच्या गटातली, तारण लागत नाही म्हणून. पण बँक तीस दिवसांत कुठली हलते. शेवटी मुक्ताने दागिन्यांवर कर्ज काढलं, रेवाच्या वडिलांनी रिटायरमेंटचे पैसे काढले, आणि मुदतीच्या आत पाच लाख शेठच्या खात्यावर आरटीजीएस केले, रोखीत नाही. पावती आणि करार रद्द झाल्याचं पत्र घेतल्यावरच पुढची पायरी. मुद्राचं कर्ज मेमध्ये मंजूर झालं, सीझन संपल्यावर.

दुसरा निर्णय: तक्रारीत जात लिहायची का

हा सगळ्यात अवघड होता. वकिलांचा मसुदा आला त्यात जात कुठेच नव्हती: एका गुंतवणूकदाराने एका उद्योजक महिलेशी गैरवर्तन केलं. वाचायला सुटसुटीत. रेवाने तो परत केला. तिचं म्हणणं, जात काढली तर "तुमच्यात मोकळीक असती" या वाक्याचा अर्थच उरत नाही, आणि मग तेच शेठ म्हणणार की मी मुक्ता वहिनींशी इतका नीट वागतो, विचारा त्यांना, मी बायकांना त्रास देणारा माणूस वाटतो का? मुक्ताला चांगलं वागवणं हाच शेठचा सगळ्यात मजबूत बचाव होता, आणि जात काढून टाकली की तो बचाव बिनतोड होत होता.

शेवटी मधला रस्ता निघाला. तक्रारीत जातीवर वेगळा परिच्छेद नाही, युक्तिवाद नाही, शेठचे शब्द जसेच्या तसे, तारखेसकट. मुक्ताचा स्वतंत्र जबाब जोडला: माझ्याशी कसे वागायचे, हिच्याशी कसे, दोन्ही मी बघितलं. फेब्रुवारीच्या अखेरीस विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक समितीकडे तक्रार दिली, सहा प्रतींत, नियमच तसा आहे. (झेरॉक्सवाल्याने विचारलं, "ताई, कोर्टाचं काय?" रेवा म्हणाली, "हाफकोर्टाचं.")

शेठनी सगळं नाकारलं. तोंडी म्हणाले ते फार बोलकं होतं, "आमच्या घरात अजून सगळं पाळत्यात, मी असल्या पोरीला हात लावीन का?" हा बचाव जुना आहे. राजस्थानात 1992 मध्ये कुंभार समाजातल्या भंवरी देवी सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह अडवत होत्या, त्या रागातून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये जयपूरच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं, आणि वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवणार नाहीत असला तर्क त्यात होता. त्या प्रकरणातून 1997 ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि त्यातून हा 2013 चा कायदा. म्हणजे या कायद्याचा जन्मच जात आणि बाईपण एकत्र भोगलेल्या बाईमुळे झाला, पण कायद्यात जात येते ती एवढ्यापुरती की स्थानिक समितीवर नेमलेल्यांत निदान एक बाई अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी किंवा अल्पसंख्याकांतली असावी. छळाच्या व्याख्येत ती कुठे नाही.

साक्षीदारांचं व्हायचं तेच झालं. निवडणीतल्या बायकांना रेवा घरी जाऊन भेटली. चहा दिला, कपात दिला, सगळं खरं आहे म्हणाल्या, आणि साक्षीला कुणी येणार नाही असंही म्हणाल्या. रोजावर पोट असलेल्या बाईला मालकाविरुद्ध बोल म्हणायचा हक्क आपल्याला आहे का? रेवाने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती गेटवरची वयस्कर बाई सीझननंतर कामावर दिसली नाही, काढली की स्वतः गेली ते कळलं नाही.

निष्पन्न

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, थोडी पुढे गेली पण फार नाही. जूनमध्ये अहवाल आला. लैंगिक छळ सिद्ध, मेसेज आणि मुक्ताचा जबाब हे मुख्य आधार. भरपाई, लेखी माफी, आणि कोल्ड स्टोरेजमध्ये अंतर्गत समितीच नव्हती ती तातडीने नेमायची शिफारस. समिती न नेमल्याबद्दल पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो हे शेठना पहिल्यांदा कळलं. कागदी कप, कोटा, "तुमच्यात" हे सगळं मात्र एका ओळीत बाजूला पडलं: सदर बाबी समितीच्या कार्यकक्षेबाहेरच्या. हे ते सांडणं. समितीने चूक केली असं मी म्हणणार नाही, तिच्या हातात जो कायदा होता त्यात ते बसत नव्हतं. पण ज्या कारणाने छळ झाला तेच कार्यकक्षेबाहेर गेलं.

शेठनी नव्वद दिवसांच्या मुदतीत अपील केलं, ते चालू आहे. माफी आलेली नाही, भरपाईही नाही. गुप्ततेच्या कलमामुळे रेवाला अहवाल कुणाला दाखवता येत नाही, आणि तिकडे सौद्याच्या कट्ट्यावर "पैसे बुडवायला पोरीनं केस घातली" हे महिनाभर फिरत होतं. पैसे आरटीजीएसने गेलेत हे बँकेच्या कागदावर आहे, ते मुक्ता तोंडावर दाखवते, एवढाच उपाय. मंडळातली मानाची खुर्ची अजून तिथेच आहे.

धंदा? त्या सीझनला विक्री निम्म्यावर आली. मुक्ताच्या माहेरच्या भावकीतल्या दोघांनी डबे काढले, तिच्या वडिलांनी काढले नाहीत. नंतर दोघींनी जतकडे आणि सोलापूर जिल्ह्यात हातपाय पसरले, जिथे शेठचा शब्द पोचत नाही, आणि यंदा गाडी रुळावर आहे.

पोलिसांकडे रेवा अजून गेलेली नाही. 3(1)(डब्ल्यू) सारख्या, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्याला मुदतीची आडकाठी नसते, त्यामुळे दार बंद झालेलं नाही, पण उशीर जितका तितके साक्षीपुरावे पातळ होतात आणि बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो. कार्यकर्त्यांचं म्हणणं आहे की अपिलाची वाट बघू नको. रेवाचं म्हणणं, ऍट्रॉसिटी घातली की आमचं शेडवाल्यांचं गिऱ्हाईक जवळपास सगळं एका समाजाचं, ते आमच्याकडे केसच्या नजरेने बघणार आणि त्यात मुक्ता पण भरडली जाणार. मुक्ता म्हणते माझा विचार करू नको. यावर दोघींचं एकमत झालेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

परताव्याची ती तीस दिवसांची ओळ सगळ्यात महाग पडली. ओळखीतला गुंतवणूकदार असला की करार वाचायला संकोच वाटतो, पण परतफेडीला निदान सहा महिने आणि हप्ते असते तर तक्रार जानेवारीतच गेली असती, दागिन्यांवर कर्ज काढायची वेळ आली नसती.

दुसरं, शेठसोबतचं बोलणं पहिल्या दिवसापासून तिघांच्या ग्रुपवर ठेवायला हवं होतं. त्याने छळ थांबला असता असं मी म्हणत नाही, नंबर कुठूनही मिळतो, पण रात्रीचा पहिला वैयक्तिक फोन हाच नियमभंग ठरला असता आणि मुक्ताला तेव्हाच कळलं असतं.

तिसरं, पोलिसांत गुन्हा नोंदवायचा नसला तरी जानेवारीत निदान लेखी अर्ज देऊन पोच घेऊन ठेवायला हवी होती असं वकील आता म्हणतात. मला ते तितकंसं पटत नाही. एकदा अर्ज गेला की आपल्याकडे तो दुसऱ्या दिवशी शेठच्या टेबलावर असतो, आणि पैसे फिटायच्या आत तसं झालं असतं तर रेवाला अर्ज मागे घ्यायला लावलं असतं.

आणि जात तक्रारीत ठेवण्याबद्दल. अहवालात ती गळाली, तरी ठेवली हे बरोबरच झालं, कारण ते शब्द सरकारी कागदावर तारखेसकट आलेत आणि उद्या 3(1)(डब्ल्यू) लावायचं ठरलं तर शेठना तिची जात माहीत होती हे सिद्ध करायला तोच कागद लागेल.

गेल्या दिवाळीच्या सुमारास पुण्याहून एक नवीन गुंतवणूकदार आला. यांनी करारात आता स्वतःचं एक कलम घातलंय: गुंतवणूकदाराकडून छळ झाल्याचं समितीत किंवा कोर्टात सिद्ध झालं तर त्याचा मतदानाचा हक्क जाईल आणि पैसे दोन वर्षांत हप्त्याने परत होतील. मसुदा मीच केला. त्याने वाचलं, म्हणाला, "मॅडम, हे कशाला, माझ्यावर विश्वास नाही का?" मुक्ता म्हणाली, "कलम काढायचं नाही, बाकी सगळं बोलू." तो विचार करून सांगतो म्हणाला, पुढच्या आठवड्यात फोनवर "नाही" म्हणून कळवलं. दोघी पुढच्या गुंतवणूकदाराला तोच मसुदा पाठवणार आहेत.